सोपाऱ्याच्या स्तूपाकडे, मुलांना सोबत घेऊन

वसई-विरार म्हटले की मुंबईच्या माणसाला आधी आठवते ती विरार लोकल. चढायला जागा नाही, उतरायला वाट नाही आणि तरीही दाराशी लोंबकळत माणसे रोज कामावर जातात, रोज घरी येतात. परंतु बौद्ध माणसाला या पट्ट्यात उतरायला दुसरे, मोठे कारण आहे. वसई रोड आणि विरार यांच्यामध्ये नालासोपारा हे स्टेशन आहे. त्याच्या पश्चिमेला जुन्या सोपारा गावात भाजक्या विटांचा एक स्तूप उभा आहे. एके काळी शूर्पारक या नावाने हे बंदर साऱ्या जगाला ठाऊक होते. पहिल्या शतकातील एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात 'सुप्पारा' म्हणून त्याचा उल्लेख येतो. अरबस्तान, इजिप्त, आफ्रिकेचा किनारा अशा दूरच्या मुलखांशी पश्चिम किनाऱ्याचा व्यापार ज्या बंदरांतून चाले, त्यांपैकी हे एक.

आज बंदर राहिले नाही, खाडी गाळाने भरली. पण माणसे येण्याचे थांबले नाही. वाडवळ, सामवेदी, कुपारी ख्रिस्ती, आगरी, कोळी, आदिवासी हे इथले जुने रहिवासी. त्यांच्या वाड्या आणि शेतांच्या कडेने चाळी उठल्या, चाळींच्या जागी इमारती आल्या. मुंबईत खोली परवडेना म्हणून रत्नागिरी, रायगड, सातारा, मराठवाडा, विदर्भ अशा भागांतले आपले लोक इथे आले. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, गुजरातमधले आले. २००९ मध्ये महानगरपालिका झाली, २०१४ मध्ये ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. आणि गेल्या काही वर्षांत नालासोपारा पूर्वेला प्रगतीनगरसारख्या भागांत आफ्रिकेतून आलेली माणसे भाड्याने राहू लागली. कुणी इथले तयार कपडे घाऊक घेऊन आपल्या देशात पाठवतो, कुणी शिकायला येतो, कुणाचे अख्खे कुटुंब इथे असते.

त्यांच्याविषयी आपल्या वस्त्यांत काय बोलले जाते, हे इथे मोकळेपणाने मांडले पाहिजे. देश कोणताही असो, सगळ्यांना एकच नाव 'नायजेरियन'. मुलांच्या तोंडी 'काळ्या', 'हबशी', 'आदिमानव'. हे लोक माणसे खातात, असेही मुले एकमेकांना सांगतात. ही हसण्यावारी नेण्याची गोष्ट नाही. मार्च २०१७ मध्ये दिल्लीजवळच्या ग्रेटर नोएडात असल्याच अफवेतून आफ्रिकी विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले. त्याआधी मे २०१६ मध्ये दिल्लीत काँगो देशातून आलेल्या एका तरुणाचा रिक्षावरून झालेल्या वादात मारहाण होऊन बळी गेला. मारणारे हात मोठ्यांचे होते. पण ते शब्द त्या मोठ्यांनी लहानपणीच कुठेतरी ऐकले असणार.

आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी सकाळी मुलांचा वर्ग भरतो. वंदना होते, एखादी गोष्ट होते, मग चित्रकला आणि अभ्यास. आजूबाजूच्या इमारतींतील कोणाचेही मूल आले तरी आम्ही बसवून घेतो. तशी एक सात-आठ वर्षांची मुलगी चित्रकलेला येऊ लागली. तिचे आई-वडील युगांडाचे. ती हिंदी सफाईने बोलते, मराठीही समजते. एका रविवारी फार उकाडा होता, माठातले पाणी संपले होते. शेजारच्या मुलाला तहान लागली म्हणून तिने आपली बाटली पुढे केली. तो नऊ वर्षांचा मुलगा मागे सरकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "नको, हिच्या बाटलीतलं पाणी प्यायलं की आपण पण काळे होतो."

दोन-चार मुले हसली. ती मुलगी काही बोलली नाही. तिने फ्रॉकच्या टोकाने बाटलीचे तोंड पुसले आणि बाटली दप्तरात ठेवली.

त्या मुलाची आई मागे बसली होती. ती ताडकन उठली, हात उगारला. तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका वृद्ध उपासिकेने तिला हाताने थांबवले. या आजी रत्नागिरीकडच्या. लहानपणी गावात विहिरीवर शिवायची मुभा नव्हती; वरून कोणी ओतील तेव्हा ओंजळ धरायची, हे त्यांनी स्वतः भोगलेले. आजींनी त्या मुलीकडे पाहून हात पुढे केला आणि म्हणाल्या, "बाय, मला दे गो पाणी." मुलीने बाटली दिली. आजी प्यायल्या, तोंड पुसले आणि वर्गाला म्हणाल्या, "चला, चित्रं काढा." त्याहून एक अक्षर जास्त नाही.

वर्ग सुटल्यावर आम्ही पालक थांबलो. बराच वेळ कोणाच्या तोंडून शब्द निघेना. २० मार्च १९२७ रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते आपल्याला पाठ आहे. दरवर्षी आपण तो दिवस पाळतो. आणि आपल्याच विहारात, आपल्याच मुलाच्या तोंडून पाण्याचा विटाळ बाहेर आला! शब्द रंगाचा होता, पण स्पर्शाने काहीतरी लागते, दुसऱ्याच्या पाण्याने आपण बाटतो, ही समजूत जुनीच. आपल्या आज्या-पणज्यांना जिने जाळले तीच ही.

मग बोलणी सुरू झाली. एक बंधू म्हणाले, "लहान आहे तो, त्याला काय कळतंय? मोठा झाला की विसरेल." दुसरे म्हणाले, "पण ते लोक अमली पदार्थ विकतात, रोज पेपरात येतं. मुलं घाबरणारच." एक ताई म्हणाल्या, "आपल्या मुलांना शाळेत 'जयभीमवाले' म्हणून चिडवतात, तेव्हा कोण येतं आपल्यासाठी बोलायला?"

तिन्ही प्रश्न खरे आहेत, म्हणून तिन्हींचा विचार केला पाहिजे. मूल लहान आहे, हे खरे. पण तीन-चार वर्षांच्या मुलालाही रंगातला फरक दिसतो. दिसणे हा दोष नाही. त्या फरकाला चांगले-वाईट चिकटवायला ते आपल्याकडून शिकते. आपण गप्प राहिलो तर बरोबरच शिकलो, असे समजते. अमली पदार्थ विकणारा गुन्हेगार आहे, त्याला पोलिसांनी पकडावे, कायद्याने शिक्षा द्यावी. परंतु गुन्हा माणसाचा असतो, कातडीचा नसतो. इंग्रज सरकारने १८७१ मध्ये कायदा करून या देशातील कितीतरी जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. पाळण्यातले पोरही गुन्हेगार! तो कायदा स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये रद्द झाला, पण त्या जमातींच्या कपाळावरचा शिक्का अजून पुसलेला नाही. जन्मावरून माणूस ठरवण्याची पद्धत कुठे नेते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. आणि ताईंच्या प्रश्नाला उत्तर असे की, आपल्यासाठी जगात बोलणारे होते. त्याची गोष्ट पुढे येईल.

त्या दिवशी ठरले की, मुलांना नुसता उपदेश नको. पुढच्या रविवारी सर्वांनी मिळून स्तूपावर जायचे. त्या मुलीच्या आईला आम्ही घरी जाऊन बोलावले. ती क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिली. मग म्हणाली, "मैं भी आऊँगी, टिफिन लेके."

सकाळी सगळे नालासोपारा स्टेशनच्या पुलावर जमलो. पंधरा-वीस मुले, आठ-दहा पालक, आजी. पुलावरून पश्चिमेला उतरून रिक्षा केल्या. बाजार, दवाखाने, नव्या इमारती मागे पडतात आणि जुन्या सोपाऱ्याची झाडी लागते. कुंपणाच्या आत भारतीय पुरातत्त्व खात्याचा फलक आणि पुढे तो विटांचा घुमट. वरचा भाग ढासळलेला, अंगावर गवत. गावातले लोक या टेकाडाला बुरूड राजाचा कोट म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हे टेकाड खणले, तेव्हा खाली स्तूप आहे हे जगाला कळले. बुद्धपौर्णिमेला इथे वंदनेसाठी माणसे जमतात. इतर दिवशी शांतता असते. झाडाच्या सावलीत वंदना घेतली आणि मुलांना गोलात बसवले.

स्तूपाच्या गाभ्यात काय सापडले, ते आधी सांगितले. एक दगडी पेटी. तिच्यात तांब्याचा करंडक आणि त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ लहान बुद्धमूर्ती. तांब्याच्या आत चांदीचा, मग दगडाचा, मग स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा करंडक. आणि त्या सोन्याच्या करंडकात? मुले श्वास रोखून बसली होती. त्यात होते मातीच्या भिक्षापात्राचे तुकडे. हे तुकडे तथागतांच्या पात्राचे मानले गेले आणि म्हणून एवढ्या आदराने जपले गेले. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत हे अवशेष ठेवलेले आहेत.

एका मुलीने लगेच विचारले, "काका, डबी सोन्याची आणि आत मातीचं फुटकं भांडं? उलटं पाहिजे ना?"

आम्हाला याच प्रश्नाची वाट होती. भिक्षापात्र म्हणजे काय? भिक्खू दारोदार जाई. श्रीमंताचे घर, गरिबाचे घर, ज्याला लोक हलका समजत त्याचेही घर, एकही दार वगळायचे नाही, असा शिरस्ता. जे अन्न पडेल ते एकाच पात्रात. त्या पात्राने कोणाच्या हातचे अन्न नाकारले नाही. म्हणून माती मोठी आणि सोने तिच्याभोवतीची नुसती पेटी. मग भदंत आनंदांची गोष्ट सांगितली, जी आपल्या घराघरांत माहीत आहे. वाटेत तहान लागली म्हणून त्यांनी विहिरीवरच्या मातंग मुलीकडे पाणी मागितले. ती म्हणाली, मी हलक्या जातीची. आनंद म्हणाले, मी जात विचारली नाही, पाणी मागितले.

तो नऊ वर्षांचा मुलगा खाली मान घालून काडीने माती उकरत होता. आम्ही त्याचे नाव घेतले नाही, त्याच्याकडे पाहिलेही नाही. मुलाला चारचौघांत उभे करून लाजवले की त्याला आपली चूक आठवत नाही, फक्त लाज आठवते. आणि त्या लाजेचा राग ते पुन्हा त्या दुसऱ्या मुलावरच काढते.

मग पूर्णाची गोष्ट. पूर्ण हा याच सोपाऱ्याचा. 'दिव्यावदान' या बौद्ध ग्रंथात त्याची कथा आहे. भव नावाचा व्यापारी आजारी पडला, बायको-मुलांनी त्याला सोडले. घरातल्या दासीने सेवा करून त्याला वाचवले. पूर्ण हा त्या दासीचा मुलगा. मोठा होऊन त्याने दुकान सांभाळले, व्यापार वाढवला. पण भावांच्या घरात कुरबूर सुरू झाली. घरातली लहान मुले दुकानावर जात. एकाला साखर मिळाली, दुसऱ्याच्या वेळी गूळच होता, तर त्याच्या आईने म्हणावे, दासीचा पोर आता घर चालवणार आणि आमच्या मुलांना डावलणार! शेवटी वाटणी झाली. एका भावाला घर, एकाला दुकान आणि माल. आणि पूर्णाला? दासीपुत्राला कसला हिस्सा? त्यालाच हिश्श्यात धरले आणि गुरे-ढोरे वाटावीत तसे थोरल्या भावाच्या वाट्याला टाकले.

मुले एकदम म्हणाली, "माणसाची वाटणी?" हो, माणसाची वाटणी. पण तोच पूर्ण पुढे मोठा व्यापारी झाला. जहाजावर सोबतच्या व्यापाऱ्यांकडून त्याने बुद्धवचन ऐकले आणि श्रावस्तीला जाऊन संघात प्रवेश केला. आपल्या मुलखात धम्म सांगायला परत निघाला तेव्हा तथागतांनी त्याला विचारले की तिथले लोक तापट आहेत, तुला शिव्या देतील, मारतील, मग काय करशील? शिव्या दिल्या तर मारले नाही म्हणून त्यांना चांगले म्हणेन, मारले तर जिवे मारले नाही म्हणून चांगले म्हणेन, अशी त्याची उत्तरे पाली ग्रंथात नोंदलेली आहेत.

इथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. पूर्णाची ही सहनशीलता पूर्णाने स्वतः पत्करलेली होती. ज्याला शिवी बसली त्याला आपण 'सहन कर' असे सांगायचे नाही. 'सहन करा' हा उपदेश आपल्या समाजाला शतकानुशतके झाला आणि बाबासाहेबांनी तो मोडून काढला. त्या छोट्या मुलीने बाटली पुसून गप्प राहावे, यात तिचा मोठेपणा शोधणे हा तिच्यावर अन्याय आहे. बोलायचे ते आपण. कारण शिवी आपल्या घरातून गेली.

मुलांमधलाच एक जण मध्येच म्हणाला, "पण काका, आपण पण काळेच आहोत की!" सगळे हसले, या वेळी मोकळे हसले. त्या मुलीने आपला हात त्याच्या हाताशेजारी धरून पाहिला. आजी म्हणाल्या, "माझा बघ, उन्हात लावणी करून करून झालाय."

स्तूपाइतकेच या भूमीचे दुसरे धन म्हणजे सम्राट अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे. पंडित भगवानलाल यांना १८८२ मध्ये इथे आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. नवव्या शिलालेखाचा तुकडा जवळच्या भुईगावला १९५६ मध्ये सापडला, म्हणजे आपण धम्मदीक्षा घेतली त्याच वर्षी. आठव्या लेखात सम्राट सांगतो की, पूर्वीचे राजे शिकारीच्या, मौजेच्या सहलींना जात. आपण अभिषेकानंतर दहाव्या वर्षी बोधिस्थानी गेलो आणि तेव्हापासून धम्मयात्रा सुरू झाली. धम्मयात्रेत काय करायचे? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचे, वृद्धांना भेटून मदत करायची, गावोगावच्या माणसांना भेटायचे, त्यांच्याशी धम्माविषयी बोलायचे. नववा लेख मंगल विधींविषयी आहे. लग्न, जन्म, प्रवास अशा वेळी लोक नाना विधी करतात, त्यांचे फळ थोडे. खरे मंगल म्हणजे दासांशी आणि नोकरांशी नीट वागणे, गुरुजनांचा आदर करणे, प्राण्यांवर दया करणे. आणि पुढे म्हटले आहे की ही गोष्ट बापाने, मुलाने, भावाने, मालकाने एकमेकांना सांगावी. काही ठिकाणच्या प्रतींत तर शेजाऱ्यानेही सांगावी, असे आहे. बावीसशे वर्षांहून अधिक काळापूर्वी एका सम्राटाने बापावर टाकलेले हे काम आहे.

दुपारी सावलीत डबे उघडले. भाकरी, सुकट, बटाट्याची भाजी. त्या आईने आणलेला भात आणि शेंगदाण्याची आमटीसारखी आमटी. तिला आपला ठेचा झेपला नाही, डोळ्यांतून पाणी आले. मुलांनी तिच्याकडून त्यांच्या भाषेत 'पाणी' कसे म्हणतात ते विचारून घेतले आणि दिवसभर तो शब्द ओरडत राहिली.

जेवण झाल्यावर बसने वसईच्या किल्ल्यात गेलो. मुलांना किल्ला दाखवायचा होताच, पण आणखी एक कारण होते. 'काळा' ही शिवी कुठून आली, ते तिथे दाखवता येते. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. मधली दोनशे वर्षे हे पोर्तुगीजांचे मोठे ठाणे होते. पोर्तुगीज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, मोझांबिककडून माणसे गुलाम करून आपल्या हिंदुस्थानातील ठाण्यांत आणत आणि विकत. जहाजात कोंबून आणलेला माणूस गुरासारखा विकायचा, तर आधी तो माणूसच नाही असे मनाशी ठरवावे लागते. तसे ठरवायला रंग सोयीचा पडला, जसा आपल्याकडे जन्म सोयीचा पडला. चर्चच्या पडक्या भिंतींखाली उभे राहून हे सांगताना मुले आपसूक गप्प झाली. सकाळची पूर्णाची वाटणी त्यांना आठवली असावी.

'हबशी' हा शब्दही मुलांना उलगडून सांगितला. हबश म्हणजे आजच्या इथिओपियाचा मुलूख. तिथला तो हबशी. नुसते देशाचे नाव. याच देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा पुढे अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता मलिक अंबर झाला. त्याने मोगल फौजांना वर्षानुवर्षे दख्खनमध्ये रोखले, १६१० मध्ये खडकी वसवली, जी पुढे औरंगाबाद म्हणून आणि आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. त्या शहराला पाणी आणणारी नहर त्याच्याच नावाने प्रसिद्ध आहे. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्याला माहीत आहेत. कर्नाटकातील उत्तर कन्नड जिल्ह्यात सिद्दी लोक आजही शेती-मजुरी करून राहतात, कोकणी बोलतात. २००३ मध्ये त्यांचा अनुसूचित जमातींत समावेश झाला. म्हणजे आफ्रिकेतला माणूस या मातीला नवा नाही. त्याच्या देशाचे नाव आपण शिवीसारखे वापरू लागलो, जसे आपल्या जातींची नावे दुसऱ्यांनी शिवीसारखी वापरली.

आता ताईंच्या प्रश्नाची गोष्ट. आपल्यासाठी कोण बोलले? आणि आपण कोणासाठी बोललो? महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिले, ते अमेरिकेत काळ्या लोकांची गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या माणसांना अर्पण केले. पुण्यात बसून त्यांना सातासमुद्रापलीकडचे दुःख आपले वाटले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतील काळ्यांचे थोर नेते डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉइस यांना पत्र लिहिले. अमेरिकेतील काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती त्यांना हव्या होत्या, कारण दोन्ही समाजांची स्थिती त्यांना सारखी दिसत होती. द्यु बॉइस यांनी त्याच वर्षी जुलै महिन्यात उत्तर पाठवून अस्पृश्यांविषयी आपली सहानुभूती कळवली. १९५९ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले. केरळात अस्पृश्य समाजातील मुलांच्या एका शाळेत मुख्याध्यापकांनी त्यांची ओळख 'अमेरिकेतले आपले अस्पृश्य बंधू' अशी करून दिली. आधी त्यांना धक्का बसला, नंतर विचार करून त्यांनी स्वतःच मान्य केले की, होय, मी अस्पृश्य आहे. १९७२ मध्ये मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर काढली, तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथरवरून घेतले. २००१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे वंशभेदाविरुद्ध जागतिक परिषद भरली, तेव्हा दलित संघटनांनी तिथे जाऊन जगाला सांगितले की जातीचा जाच वंशभेदासारखाच आहे. आफ्रिकेच्या भूमीवर आपण न्याय मागितला आणि नालासोपाऱ्यात आफ्रिकेच्या लेकराला पाण्यावरून हिणवायचे, हे आपल्या चळवळीला शोभणारे नाही.

बाबासाहेबांनी संविधानात हेही पाहिले होते. कलम १४ मध्ये कायद्यापुढील समानता आणि कलम २१ मध्ये जीविताचे संरक्षण हे केवळ नागरिकाला दिलेले नाही. कोणत्याही व्यक्तीला दिलेले आहे. म्हणजे पासपोर्ट कोणताही असो, या देशाच्या भूमीवर उभा असलेला माणूस त्यात येतो.

हे सारे झाले इतिहासाचे. पण सोमवारी सकाळी घरात काय करायचे? आम्ही पालकांनी परतीच्या वाटेवर बसमध्ये जे ठरवले, ते इथे देतो.

मुलाच्या तोंडून असा शब्द आला की त्याच दिवशी बोलायचे, पण मारायचे नाही. आधी विचारायचे, "हा शब्द तू कुठे ऐकलास? तुला त्याचा अर्थ काय वाटतो?" पुष्कळदा उत्तर ऐकून आपल्यालाच खाली बघावे लागते, कारण शब्द घरातलाच असतो किंवा मोबाइलवरच्या विनोदातला. मग साध्या शब्दांत सांगायचे, हा शब्द माणसाला दुखवतो, आपल्या घरात तो चालणार नाही. 'सगळे सारखेच असतात' एवढे म्हणून सोडून द्यायचे नाही. मुलाला रंग दिसतो. तो वेगळा आहे हे मान्य करून, त्याने काही लागत नाही, कोणी हलका ठरत नाही, हे सांगायचे.

दुसरे, जे बिघडवले ते मुलाने आपल्या हाताने दुरुस्त करायचे. त्या मुलाच्या आईने त्याला जबरीने माफी मागायला लावली नाही. तिने एवढेच विचारले, "तिला बरं वाटेल असं तुला काय करता येईल?" त्याने दोन दिवस विचार केला. मग आपली रंगपेटी तिच्यासोबत वापरायला नेली.

तिसरे, घर तपासायचे. आपल्या वधू-वर मेळाव्यांत मुलाकडचे 'मुलगी गोरी पाहिजे' असे बेधडक सांगतात. बाळ जन्मले की पहिला प्रश्न, "रंग कुणावर गेलाय?" सावळ्या मुलीला हळद-बेसन आणि गोरे करणारे मलम. अशा एका प्रसिद्ध मलमाच्या कंपनीने २०२० मध्ये नावातला 'गोरेपणा' काढून टाकला, पण आपल्या बोलण्यातून तो अजून गेलेला नाही. बाबासाहेबांनी 'अस्पृश्य मूळचे कोण' या ग्रंथात नाकांच्या मोजमापांचे आकडे तपासून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य यांचे वंश वेगळे नाहीत. नाक आणि कातडी यांवरून माणसाची किंमत ठरत नाही, हे ज्या समाजाच्या बापाने सिद्ध केले, त्या समाजाने सुनेचा रंग पाहावा काय?

चौथे, आपल्या मुलाला कोणी जातीवरून किंवा रंगावरून बोलले, तर त्याला एकटे सोडायचे नाही. शाळेत जायचे, शिक्षकांशी बोलायचे, गरज पडली तर लेखी द्यायचे. ज्या मुलाच्या मागे आई-बाप उभे राहतात, तेच मूल उद्या दुसऱ्यामागे उभे राहते.

आणि शेवटचे, भेटीगाठी. शेजारच्या इमारतीतील आफ्रिकी कुटुंबाला विहाराच्या कार्यक्रमाला बोलवा. त्यांच्या घरी जा. त्यांचा देश कोणता, गाव कोणते, ते विचारा. मुले एकत्र खेळली, एकत्र जेवली की निम्मे काम होते. राहिलेले निम्मे मोठ्यांच्या जिभेचे आहे.

ज्यांना सोपाऱ्याला यायचे असेल त्यांनी पश्चिम रेल्वेने नालासोपाऱ्याला उतरावे, पश्चिमेला येऊन रिक्षावाल्याला 'बौद्ध स्तूप' म्हणावे. सकाळी लवकर या, पाणी सोबत आणा, स्तूपाच्या विटांवर चढू नका आणि कचरा टाकू नका. मुलांना अवश्य आणा. आणि शेजारचे एखादे मूल, ज्याला कोणी खेळायला घेत नाही, त्यालाही घेऊन या. सम्राट अशोकाने जिला धम्मयात्रा म्हटले, ती माणसांना भेटण्यासाठी होती. तिला घोडे लागत नाहीत, रथ लागत नाहीत. विरार लोकलचे तिकीट आणि डब्यातली चार भाकरी जास्त, एवढ्यावर ती आपल्यासारख्या कामगार घरालाही परवडते.

जयभीम! नमो बुद्धाय!